नावाची किंमत : वऱ्हाडातला कंपनीचा पुडा आणि 'लोकल' माल

१/
अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात किराणा दुकानाच्या दारावर खाऊच्या लडी टांगलेल्या दिसतात. पाच रुपयांची दोन पाकिटे शेजारी शेजारी लोंबत असतात. एकावर देशभर ठाऊक असलेले नाव, दुसऱ्यावर तालुक्याबाहेर कुणी न ऐकलेले. दुसऱ्यात माल अधिक भरतो, पण त्याच्याविषयीची शंकाही अधिक असते. पहिल्याला आपण 'कंपनीचा' म्हणतो, दुसऱ्याला 'लोकल'. या दोन पाकिटांमधल्या अंतराचा इतिहास या धाग्यात पाहू. प्रश्न एकच आहे : नावासाठी आपण पैसे मोजतो, ते नेमके कशाचे?

२/
आधी शब्दांची सफाई करून घेऊ. 'लोकल' किंवा 'डुप्लिकेट' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो.
पहिली, नक्कल : दुसऱ्याचे नाव, रंग, अक्षरांचे वळण उचलून ग्राहकाला फसवणारा माल.
दुसरी, पर्याय : स्वतःच्या नावाने, कमी दरात विकला जाणारा तसाच पदार्थ.
तिसरी, निनावी मूळ : ब्रँड जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून सुट्टा विकला जाणारा पदार्थ, ज्याच्यावरूनच पुढे ब्रँड घडला.
पहिली लबाडी आहे, दुसरी व्यापार आणि तिसरी परंपरा. या तिघांना एकाच नावाने हिणवले की अन्याय कुणावर होतो, हे पुढे दिसेल.

३/
गोष्ट खाऊपासून नव्हे, कापसापासून सुरू करावी लागते. कारण जगाच्या बाजारात वऱ्हाड स्वतःच एकेकाळी 'स्वस्त पर्याय' होता.
१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकाशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. तेव्हा नाइलाजाने हिंदुस्थानी कापूस घेतला गेला. तो आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला आणि सूत तुटणारा म्हणून गिरणी कामगार त्याला शिव्या घालत. त्यांच्या बोलीत हिंदुस्थानी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत, आणि तो शब्द निकृष्ट मालासाठीचा टोमणाच होऊन बसला.

४/
पण त्याच बाजारात आणखी एक नाव होते. मुंबई आणि लिव्हरपूलच्या व्यापारी दरपत्रकांत वऱ्हाडच्या कापसाला 'ऊमरावती' किंवा थोडक्यात 'ऊमरा' म्हणत. म्हणजे आपली अमरावती!
शहराचे नाव मालाचे नाव झाले. नाव झाले तसा त्याला भाव आला, आणि भाव आला तशी भेसळही आली. गासड्यांत हलका कापूस, सरकी, माती आणि पाणी मिसळण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १८६७ मध्ये शेगाव, अकोला, बडनेरा या वाटेने रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. माल वेगाने जाऊ लागला आणि पिकवणारा व विकत घेणारा यांच्यातले अंतर आणखी वाढले.

५/
या कथेतला सर्वांत बोधक भाग 'बनी' आणि 'जरी' या दोन वाणांचा.
बनी म्हणजे वऱ्हाड आणि हिंगणघाटकडचा तलम, लांब धाग्याचा कापूस. जरी म्हणजे आखूड, खरबरीत धाग्याचा. पण चिवट, अधिक उतारा देणारा आणि सरकी वजा जाता अधिक रुई देणारा. काही दशकांत जरीने बनीला शेतांतून जवळजवळ हुसकून लावले.
इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष दिला. पण शेतकऱ्याचा हिशेब चोख होता. बनी आणि जरी यांच्या भावातला फरक, बनीत येणारी घट भरून काढण्याइतका नव्हता. शिवाय बाजारात दोन्ही मिसळले जात आणि सगळे 'ऊमरा' म्हणूनच खपे. चांगला माल वेगळा ओळखलाच जाणार नसेल, तर तो पिकवायचा कुणासाठी?

६/
हे सूत्र लक्षात ठेवा. ग्राहकाला चांगले आणि वाईट वेगळे ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना सरासरीचा भाव देतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे मांडले आणि पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. वऱ्हाडच्या कापूस उत्पादकाला मात्र ही गोष्ट शंभर वर्षे आधी अनुभवाने कळली होती.
नाव जन्मते ते याच पेचातून सुटण्यासाठी. 'हा माल माझा आहे, वाईट निघाला तर मला धरा' असे सांगणारी ती जबाबदारी असते.

७/
आता खाऊकडे वळू. पुडा येण्याआधी खाऊ सुट्टा असे. आठवडी बाजारात फुटाणे, मुरमुरे, शेव, गोडीशेव, रेवड्या, बत्तासे यांचे ढीग लागत. शेतमजुराच्या हाती आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी येई आणि लेकरांचा खाऊ त्याच दिवशी घरी जाई.
या मालावर नाव नव्हते, पण तो निनावीही नव्हता. शेव कुणी पाडली, कढईत तेल कोणते होते, हे डोळ्यांसमोर असे. विक्रेत्याचा चेहरा हीच त्याची हमी. पुढच्या बाजारी तो त्याच जागी बसणार होता, म्हणून फसवणुकीला मर्यादा होती.

८/
मात्र त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकता येत नाही. चेहऱ्यावरचा विश्वास पुष्कळदा जातीवरचा विश्वास असे. कुणाच्या हातचे खावे आणि कुणाच्या हातचे खाऊ नये, याचे नियम कडक होते.
१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्या चहावरून उठलेले वादळ धर्मपीठापर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. बिस्किटाची चव हा मुद्दाच नव्हता. ते कुणाच्या घरचे, हाच मुद्दा होता.

९/
ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानले गेले, त्यांच्यासाठी हा नियम रोजचा अपमान होता. हॉटेलात वेगळी कपबशी, दुकानात लांबून टाकलेला जिन्नस. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा उभा राहिला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये मंदिर नव्हे, तर दुकाने, उपाहारगृहे आणि पाणवठे यांचा नावानिशी उल्लेख झाला, तो याच अनुभवामुळे.
या पार्श्वभूमीवर कारखान्यातून आलेल्या बंद पुड्याकडे पाहा. त्यावर नाव होते, पण करणाऱ्याची जात नव्हती. घेणाऱ्यासाठीही दर तोच, माल तोच. ब्रँडचा हा सामाजिक अर्थ त्याच्या नफ्याच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो.

१०/
आज 'कंपनीची' असलेली नावे एकेकाळी काय होती, हेही पाहायला हवे.
इंग्रजी अमलात बिस्किट म्हणजे हंटली अँड पामर्सचा विलायती पत्र्याचा डबा; साहेबाच्या आणि श्रीमंताच्या घरचा. १९२९ मध्ये मुंबईत विले पार्ल्याला मोहनलाल दयाल चौहान यांनी गोळ्या-पेपरमिंटचा कारखाना काढला आणि दहाएक वर्षांत तिथे ग्लुकोज बिस्किटे होऊ लागली. पार्ले ग्लुको हा त्या वेळचा स्वस्त, देशी पर्याय होता. आजच्या भाषेत सांगायचे तर विलायती डब्यापुढचा 'लोकल माल'!
पुढे त्याच पार्लेच्या नावाशी आणि वेष्टनाशी साम्य असलेली बिस्किटे बाजारात आली, आणि १९८० च्या दशकात 'पार्ले-जी' हे वेगळे ओळखू येणारे नाव पुढे आले. पन्नास वर्षांत पर्याय स्वतः मूळ झाला होता.

११/
दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. बिकानेरमध्ये भुजिया घरोघरी आणि गल्लोगल्ली होत असे; तो कुणाचाही शोध नव्हता. तिथले गंगाबिशन अग्रवाल ऊर्फ हल्दीराम यांच्या दुकानाला त्यांचे नाव मिळाले. कंपनी आपला आरंभ १९३७ चा सांगते. कुटुंबाची एक शाखा नागपूरला आली आणि अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर या नावाचे मोठे साम्राज्य उभे राहिले.
पदार्थ सर्वांचा, नाव एकाचे. आणि त्या नावाची किंमत एवढी, की कोणत्या शाखेने ते कुठे वापरावे यावर कुटुंबातच वर्षानुवर्षे खटले चालले. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'हल्दीराम' हे सुविख्यात व्यापारचिन्ह असल्याचे घोषित केले. बिकानेरी भुजियाला मात्र २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे माणसाचे नाव एका घराण्याकडे आणि गावाचे नाव गावाकडे राहिले.

१२/
वऱ्हाडातले सर्वांत प्रसिद्ध खाद्यनाम याच्या नेमके उलट वाटेने गेले. शेगाव आज बुलडाणा जिल्ह्यात आहे. १९०५ च्या फेररचनेपर्यंत खामगाव तालुक्यासह तो भाग अकोला जिल्ह्यात मोडत असे. १९१० मध्ये गजानन महाराजांनी तिथे समाधी घेतली आणि शेगावला भाविकांचा ओघ लागला. गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे.
फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, आत मुगाच्या डाळीचे तिखट सारण. प्रवाशांनी ती खाल्ली, भाविकांनी गावोगावी तिची कीर्ती नेली. निर्वासिताच्या कढईतला पदार्थ वऱ्हाडाची ओळख झाला.

१३/
आज 'शेगाव कचोरी' अशी पाटी अकोल्यात आहे, अमरावतीत आहे, पुण्या-मुंबईतही आहे. अनेकदा त्या कचोरीचा शेगावशी संबंध पाटीपुरताच असतो. ही नक्कल म्हणायची का?
कायदा इथे सावध आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार निव्वळ भौगोलिक उगम सांगणारा शब्द सहसा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही. दीर्घ वापराने तो त्याचीच ओळख बनला असेल तर गोष्ट वेगळी. पण या खटाटोपापलीकडे आपल्याला जुनी ओळखीची गोष्ट दिसते. 'ऊमरा' हे नाव जसे सर्वांचे झाले आणि मग कुणाचेच राहिले नाही, तसेच इथेही होऊ शकते. पाटी सारखी आणि दर्जा भिन्न असेल, तर वाईट कचोरीची बदनामी चांगली कचोरी करणाऱ्याच्या माथी येते.

१४/
आता त्या दारावरच्या लडीकडे येऊ. १९९९ मध्ये पेप्सिकोने 'कुरकुरे' बाजारात आणले. मका, तांदूळ आणि हरभरा डाळ यांच्या पिठाचा, भारतातच घडवलेला पदार्थ. नावही रोजच्या बोलीतून उचललेले.
पुढे गंमत झाली. कंपनीने लोकांचा शब्द घेऊन त्याचा ब्रँड केला. गावातल्या लेकरांनी त्या ब्रँडचा पुन्हा साधा शब्द केला. आज 'कुरकुरे द्या' म्हणणाऱ्या मुलाला दुकानदार कोणतेही पाकीट देतो. आणि आपल्याकडचे पोंगे, नळ्या, बॉबी तर आपल्या स्वतंत्र नावांनिशी त्याच लडीत नांदत आहेतच. त्यांना कुरकुऱ्यांची नक्कल म्हणणे म्हणजे काकाला पुतण्याची नक्कल म्हणण्यासारखे आहे.

१५/
लोकल पाकीट इतके स्वस्त कसे पडते? कारणे साधी आहेत.
एक, तेल. १९९४ मध्ये पामोलिनच्या आयातीवरील परवान्याचे बंधन उठले. वऱ्हाडात सरकी पिकते, सरकीचे तेलही निघते. पण पाच रुपयांच्या पाकिटातले तेल बहुधा मलेशिया किंवा इंडोनेशियातून आलेले पामचे असते.
दोन, यंत्र. पीठ दाबाने ढकलून फुगवणारे आणि पाकीट भरून शिवणारे यंत्र लहान उद्योजकाच्या आवाक्यात आले.
तीन, अंतर. अकोल्यात केलेला माल अकोटला आणि मूर्तिजापूरला विकायचा; ना देशभराची वाहतूक, ना दूरचित्रवाणीची जाहिरात, ना वितरकांची लांब साखळी.
म्हणजे स्वस्ताईचा मोठा भाग लबाडीतून येत नाही, तो जवळीकीतून येतो. उरलेला भाग मात्र तपासायला हवा : तेल किती वेळा तापवले, रंग कोणता घातला, मीठ किती.

१६/
आणि कंपनीचे पाकीट? त्याला पाच रुपयांच्या नाण्याची बेडी आहे. १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. ती किंमत सुट्ट्या नाण्याइतकीच ठेवावी लागते. दहा रुपये केले की मजुराच्या लेकराचा हात मागे येतो. महागाई वाढली की दर तोच राहतो आणि वजन घटते. ग्राहकाला किंमत पाठ असते, ग्रॅम पाठ नसतात.
त्यामुळे तुलना पाकिटाशी पाकिटाची करू नये. किमतीला वजनाच्या आकड्याने भागून शंभर ग्रॅमचा भाव काढावा. नावासाठी आपण किती जास्त मोजतो, ते तेव्हाच कळते.

१७/
इथे राज्यसंस्था प्रवेश करते आणि इतिहास रंजक होतो. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, तेव्हा नमकीनवर १२ टक्के कर होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये परिषदेने ब्रँड नसलेल्या नमकीनवरचा कर ५ टक्के केला. ब्रँडच्या पाकिटावर १२ टक्केच राहिला. हेतू चांगला होता : लहान उत्पादकाला दिलासा.
पण परिणाम काय? कराच्या जाळ्यात येण्याइतपत वाढलेल्या छोट्या उत्पादकाने स्वतःचे नाव नोंदवून घेतले, की त्याचा कर दुपटीहून अधिक. मोठी कंपनी नावाच्या बळावर तो फरक पचवते. जो आत्ता कुठे नाव कमवू पाहतो, त्याला मात्र निनावी राहणे परवडते. बनी आणि जरीचीच गोष्ट, पण या वेळी कायद्याच्या कलमात लिहिलेली.

१८/
१८ जुलै २०२२ पासून कसोटी बदलली. 'नोंदणीकृत ब्रँड' ऐवजी 'आधीच बांधलेले आणि लेबल लावलेले' असा निकष आला. म्हणजे सुट्टा विकला तर कमी कर, पाकिटात बांधून मजकूर छापला तर जास्त. फुगवलेल्या पोंग्यांसारख्या पदार्थांवर तर सप्टेंबर २०२४ पर्यंत १८ टक्के होता. मग तो नमकीनच्या बरोबरीने १२ टक्के झाला.
अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीन, फुगवलेले खारे पदार्थ आणि बिस्किटे हे सगळेच ५ टक्क्यांवर आले. करापुरता तरी नावाचा दंड संपला. ज्या आठ वर्षांत तो होता, त्या काळात किती जणांनी नाव लावायचे टाळले असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. निनावी माणसांचा इतिहास लिहिण्यातली अडचण नेहमी हीच असते.

१९/
मग लडीपुढे उभे राहून निवड कशी करावी? इतिहासाच्या विद्यार्थ्याची सवय इथे कामी येते. साधन प्रसिद्ध आहे म्हणून विश्वसनीय ठरत नाही आणि अनोळखी आहे म्हणून खोटे ठरत नाही. त्याची तपासणी करावी लागते. पाकीट हाही एक दस्तऐवज आहे. करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, बांधल्याची तारीख, निव्वळ वजन, कोणते तेल, कोणता रंग. हे सारे स्पष्ट छापणारा अकोल्याचा छोटा उत्पादक जबाबदारी घेतो आहे. हे काहीच न छापता मोठ्या नावाचे रंग आणि अक्षरे उसने घेणारा ती टाळतो आहे. पहिल्याला दुसऱ्याच्या पापासाठी नाकारू नये. त्याचबरोबर, मोठे नाव आहे म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरे वाचायचेही सोडू नये.

२०/
दीडशे वर्षांपूर्वी लँकाशायरने वऱ्हाडच्या कापसाला सरसकट निकृष्ट ठरवले आणि चांगला कापूस पिकवणाऱ्याचे नाव कधी विचारले नाही. परिणामी बनी गेली, जरी राहिली, आणि मग 'वऱ्हाडचा कापूस हलकाच' हा शेरा खरा ठरला. आज आपण आपल्याच गावच्या खाऊला 'लोकल' म्हणून निकालात काढतो, तेव्हा तोच शेरा मारत असतो. चांगले तेल वापरणाऱ्या आणि जुने तेल वापरणाऱ्या अशा दोघांनाही एकच भाव आणि एकच तुच्छता मिळाली, तर यातला कोण टिकेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

धागा इथे संपवतो. तुमच्या गावात लहानपणी कोणता खाऊ कोणत्या नावाने मिळत असे, तो कुठे बनत असे आणि आज मिळतो का, हे खाली जरूर लिहा. शक्य असेल तर जुन्या वेष्टनाचे छायाचित्रही टाका. कोणत्याही अभिलेखागारात नसलेली ही साधने आहेत, आणि ती फक्त आपल्याजवळच आहेत.